तीन भुवड

यावर विश्वास ठेवू नका. ठेवलात तर मला तुमची काळजी वाटेल. आजवर ज्याला ज्याला मी ही हकीकत सांगितली, त्याने अर्ध्यातच कप खाली ठेवून "अण्णा, पुरे" म्हटलेलं आहे. शेवटपर्यंत ऐकणारा अनोळखी माणूस एकच भेटला, तो परवा. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावी.

आम्ही दोघं नवरा-बायको कोल्हापूरहून साखरप्याला घरी परतत होतो. आंबा घाट उतरण्याआधी माथ्यावर रुबिनाचं चार्जिंगचं ठिकाण लागतं. गाडीला वीज आणि माणसाला चहा-भजी. गाडी खांबाला जोडली आणि शैला, म्हणजे माझी बायको, रस्त्यापलीकडच्या मधवालीशी भाव करायला गेली. शैला भाव करायला गेली की एक गाडी दोनदा चार्ज होते, त्यामुळे मी बाकावर ऐसपैस बसलो, उजवा पाय डाव्यावर टाकला आणि ओरडून सांगितलं, "रुबिना, ऐंशीवर थांबव हां. वर एक थेंब नको."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक ट्रकवाला बशीतून चहा पीत होता. गडहिंग्लजचा, नाव संपत. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"ऐंशी? एवढं थांबलायसा तर फुल्ल करा की अण्णा. आमच्याकडं पाहुणा बी अर्धपोटी उठत न्हाई."

"त्या फुल्लपायी मी याच घाटात वर जाता जाता राहिलोय," मी म्हटलं. "आणि आज महाराष्ट्रात गाडीचे ब्रेक पॅड कधी बदलायचे हे जे ठरतं ना, ते माझ्या बायकोच्या पायामुळे."

रुबिना भज्यांच्या कढईमागे खुदकन हसली. तिने ही गोष्ट ऐकलेली आहे. संपतने मात्र बशी खाली ठेवली. असा माणूस मिळाला की मला गाडी चार्ज होऊच नये असं वाटतं.

"पॅड बदलायचं आता गाडीच सांगते की," तो म्हणाला. "पडद्यावर येतंय. तीन भुवड झाले, पॅड बदला."

"भुवड म्हणजे काय?"

"ते काय तरी माप हाय. व्होल्ट असतंय, वॅट असतंय, तसं."

"माझं आडनाव भुवड," मी म्हटलं.

तो बाकावर वीतभर अलीकडे सरकला.

मी सुरुवात केली. "पूर्वी हे सोपं होतं बघ. किर्र आवाज आला की मेस्त्री चाक काढायचा, पॅडची जाडी बघायचा, उरलं नसेल तर नवीन टाकायचा. मी तेव्हा साखरपा-मलकापूर वडापची जीप चालवायचो, माणशी भाडं घेऊन. अनवाणी चालवायचो. चप्पल काढून सीटखाली. गाडी लक्ष्मी आहे, तिला चपलेने तुडवायचं नाही. पॅड कुठवर आलंय ते मला तळव्याला कळायचं. मग गाड्या विजेवर आल्या आणि सगळं बिनसलं."

"बिनसलं कशानं? उलट पॅड जल्मभर टिकायला लागली की."

"तेच तर. विजेच्या गाडीत पाय उचललास की मोटरच जनित्र होते. चाकं तिला फिरवतात, ती वीज बनवते, आणि त्या वीज बनवण्यात गाडीचा वेग खर्ची पडतो. ब्रेक न लावता ब्रेक लागतो. पॅडना काम उरलं नाही. घरजावयासारखं झालं. अंगाने तसाच गुबगुबीत, पण जोर गेलेला. डिस्कवर गंज, पॅडच्या तोंडावर काचेसारखी चकाकी. पॅडच्या आत बसवलेला डोळा जाडी मोजतो आणि हिरवा ठिपका दाखवतो. पकड किती राहिलीय ते त्याला काय ठाऊक?"

"मग कुणाला ठाव असतंय?"

"शेजारी बसलेल्याच्या पायाला."

संपत हसला. मी त्याला पुरतं हसू दिलं.

"तुझी बायको ट्रकमध्ये शेजारी बसलीय कधी? समोर म्हैस आली की काय करते?"

"दाबती," तो म्हणाला. "तिकडं ब्रेक न्हाई तरी दाबती."

"का दाबते, हे पुण्याच्या एका बाईने शोधून काढलं. डॉक्टर मृदुला वझे. गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या एका संस्थेत होत्या. ऐक. आपल्या कानात खोल आत खडूच्या कणांसारखे बारीक खडे असतात, लवचीक केसांच्या गादीवर ठेवलेले. गाडीचा वेग कमी झाला की खडे पुढे सरकतात, केस वाकतात आणि मेंदूला निरोप जातो. जगातल्या कुठल्याही वेगमापकाला लाजवेल असं यंत्र, आणि तू ते टोपीखाली घेऊन फिरतोस. पण चालवणाऱ्याच्या बाबतीत घोळ होतो. ब्रेक त्यानेच दाबलेला असतो, म्हणून मेंदू म्हणतो, हे मला माहीतच आहे, आणि निरोप अर्धा पुसून टाकतो. स्वतःला गुदगुल्या करून बघ, होतात का?"

संपतने खरंच काखेत बोटं घातली. "न्हाई होत."

"शेजारच्याचं तसं नसतं. त्याचा मेंदू आधी अंदाज बांधतो, की एवढ्या उतारावर, एवढ्या वळणाला, गाडी एवढी मंदावायला हवी. कानातले खडे सांगतात प्रत्यक्षात किती मंदावली. हिशेब जुळला तर पाय गप्प. केसभर कमी भरला की विचार करायच्या आत पोटरीत एक तार ताणली जाते, अंगठा आत वळतो, टाच उचलते आणि चवडा फटकन खाली. भीती नंतर येते, पाय आधी गेलेला असतो."

"वैनींच्या पोटरीत काय ताणतंय ते तुमास्नी कसं ठाव?"

"चाळीस वर्षांचा संसार आहे," मी म्हटलं. "पोटऱ्या काही वेगळ्या राहत नाहीत."

रुबिनाने पदर तोंडाला लावला.

मी पुढे निघालो. मृदुलाबाईंनी शेजारच्या सीटसमोर अंथरायची चटई केली, पायाचा दाब टिपणारी. कोल्हापूर-रत्नागिरी पट्ट्यातल्या गाड्यांत त्या चटया वाटल्या आणि आकडे यायला लागल्यावर डोक्याला हात लावला. सासवा तर गाडी उभी असतानासुद्धा दाबत होत्या. गॅरेजवाले सांगायला लागले, चटई लावा, पण सासू उतरवून. तरणी पोरं मोबाईलमध्ये, त्यांचा पाय मेलेला. चालवणाऱ्याविना चालणाऱ्या गाड्या आल्या होत्या, त्यांत तर माणसं घोरायची. आणि घराघरांत भांडणं सुरू झाली, कारण चटईचा आलेख पडद्यावर दिसायचा. आमच्या शेजारच्या मोहन घागने सलग आठवडा बायकोशी अबोला धरला. म्हणाला, तोंडाने 'तुम्ही छान चालवता' म्हणते आणि पाय काय बोलतोय बघा. देवरुखला एक ठरलेलं लग्न मोडलं. मुलीला फिरवायला नेलं, आणि तिचा पाय वरमाईलाही दिसला.

"खोटं," संपत म्हणाला, पण सैल आवाजात.

"मोडलं ते बरंच झालं, मुलगा गाडी वाईटच चालवायचा. तर, मृदुलाबाईंना हवा होता एक पाय. घाबरट नको, झोपाळू नको. नेमका जेवढा अविश्वास हवा तेवढाच ठेवणारा. त्याच्यावरून बाकी सगळ्या चटया जुळवायच्या, दुकानातली वजनं मूळ वजनावरून तपासतात तशा. हजारो आलेख चाळताना एक सापडला, प्रयोगशाळेत मोजलेल्या पकडीशी रेघेला रेघ जुळणारा. पॅड जेवढं काचाळलेलं, तेवढाच दाब. ना कमी ना जास्त. पत्ता निघाला साखरपा, घर भुवडांचं."

मृदुलाबाई आल्या त्या दिवशी अंगणात जत्रा भरली. बाईंनी पायाचं माप घेतलं, अंगठ्यापासून टाचेपर्यंत फोटो काढले. पाय कोल्हापुरी चपलेत असायचा, म्हणून चपलेसकटच माप धरायचं ठरलं. मोहन घागची आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली आणि पायाला बोट लावून गेली. गुदगुल्या झाल्या. म्हणजे शैलाला.

"आणि मग मृदुलाबाईंनी अट सांगितली," मी म्हटलं.

इथे मी नेहमी चहाचा घोट घेतो. संपतचा चहा निवून साय धरली होती.

"शैलाला गाडी शिकायची फार हौस. लग्न झाल्यापासूनची. दुपारी मी झोपलो की गुपचूप जाऊन उभ्या गाडीत स्टिअरिंगमागे बसायची. चाक इकडेतिकडे फिरवायची, तोंडाने हॉर्न वाजवायची, काचेतून हात काढून मागच्याला 'जा पुढे' म्हणायची. मागे कोण, तर आमची कोंबडी. एवढ्या वर्षांनी शेवटी धीर करून शिकाऊ परवाना काढला होता, सोमवारपासून शिकवणी. आणि मृदुलाबाई म्हणाल्या, शैलाताई, हा पाय प्रमाण ठरला तर तुम्हाला गाडी चालवता येणार नाही. कधीच नाही. चालवायला शिकलेला पाय मतं मांडायला लागतो. मी असतो तर आधी दाबला असता, मी असतो तर उशिरा. न शिकलेला पाय फक्त साक्ष देतो."

"मग वैनी काय म्हणल्या?"

"काही नाही. आत जाऊन भांडी आपटली. चाचणी दुसऱ्या दिवशी होती. मुद्दाम वर्षभर न वापरलेले पॅड घातलेली गाडी, घाट उतरायचा, पडदा काय म्हणतो आणि पाय काय म्हणतो ते ताडून बघायचं. पाय चुकला तर चटया गुंडाळून पुण्याला परत. आणि शैलाची शिकवणी सोमवारी सुरू. कळलं का तुला? तिने नुसता पाय हलवला नाही की झालं."

"हां," संपत हळूच म्हणाला.

"मृदुलाबाई मागच्या सीटवर आकडे बघत. मी अनवाणी, स्टिअरिंगवर. आणि इथे मी ती चूक केली. जुनी वडापवाल्याची खोड. घाटाला लागायचं तर टाकी फुल्ल. याच खांबावर गाडी शंभर टक्के भरली आणि छाती फुगवून निघालो. अरे, पोट टम्म भरलेल्या पाहुण्याला पुरणपोळी वाढून काय उपयोग? बॅटरी भरलेली, उतारावर बनणारी वीज ठेवायला जागा नाही, म्हणून गाडीने जनित्राचा ब्रेक निमूट बंद केला. सगळा भार त्या घरजावयांवर."

संपत ट्रकवालाच तो. त्याने डोळे मिटले. "आयला."

"पहिलं वळण. गाडी झोकात मंदावली. हिरवा ठिपका. दुसरं वळण, तिसरं, सगळं हिरवं. शैलाने सीटवर दोन्ही पाय वर घेऊन घट्ट मांडी घातली होती. मृदुलाबाई म्हणाल्या, ताई, पाय चटईवर ठेवा ना. तर म्हणाली, गुडघा आखडलाय. मी समजलो. आखडलंबिखडलं काही नव्हतं, सोमवार बसला होता त्या मांडीत. माझ्या मनात आलं, मिळू दे बिचारीला.

"चौथ्या वळणाला मी ब्रेक दाबला. मला काही वेगळं जाणवलं नाही. मृदुलाबाईंना नाही. पडद्याला नाही. आणि एकदम मांडी सुटली. दोन्ही हातांनी धरून ठेवलेला पाय हातांतून निसटला आणि धाडकन चटईवर आला. गाडीचा तळ वाजला. मृदुलाबाई ओरडल्या, आकडा वर गेलाय, पण पडदा हिरवाच आहे, चालू राहू दे भुवडसाहेब, पुढच्या वळणाचा आकडा मिळू दे. मी शैलाकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, काही नाही हो, आपोआप गेला. आणि डोळे भरलेले."

"तुमी काय केलं?"

"पडदा म्हणतो चल, शास्त्र मागून म्हणतं चल, आणि एक पाय, ज्याने खोटं बोलायचं ठरवलं होतं आणि ज्याला ते जमलं नाही, तो म्हणतो थांब. कुणाचं ऐकशील?"

"पायाचं."

"मी डोंगराच्या बाजूला गाडी घेतली. होती नव्हती ती पकड वापरून थांबवली. खाली उतरलो तर चाकातून ऊब येत होती चुलीसारखी. शैलाने डब्यातला उडदाचा पापड काढला आणि चाकाजवळ नुसता धरला. दोन्ही बाजूंनी भाजून निघाला."

"पापड?"

"मीठ थोडं जास्त होतं. बाकी उत्तम."

"अण्णा, पापड न्हाई पटला."

"पापड सोडून दे. पुढचं ऐक. मृदुलाबाई म्हणाल्या, खात्री करू. दगडी कठड्याशी सपाट जागा होती. मी गाडी माणूस चालेल एवढ्या वेगाने सोडली आणि ब्रेकवर उभा राहिलो. उभा. दोन्ही पायांनी. गाडी आपली चाललीच आहे, चाललीच आहे, आणि शेवटी कठड्याला नाक टेकवून थांबली. तापून पकड सुटली होती. आणि पडद्यावर, संपत, देवाशपथ, हिरवा ठिपका. जाडी उत्तम. मी पुढे चालत जाऊन पाचवं वळण बघून आलो. त्या पावसाळ्यात तिथला कठडा दरडीबरोबर गेला होता. खाली नुसतं धुकं."

रुबिनानेही झारा थांबवला होता. हे तिने कितीदा तरी ऐकलंय, तरी इथे ती थांबते.

"मृदुलाबाई रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. बाई मोठ्या मनाची. म्हणाल्या, आज जे झालं ते फक्त आपल्या तिघांना माहीत आहे. तुम्हाला गाडी शिकायची असेल तर मी पुण्याला सांगते, पाय चुकला. दुसरा शोधू. शैलाने विचारलं, दुसरा सापडेल? त्या म्हणाल्या, ठाऊक नाही. शैलाने विचारलं, या घाटातून रोज किती गाड्या उतरत असतील? तेवढ्यात वरून एक शाळेची बस उतरली, पोरं खिडकीतून हात हलवत गेली. शैला तिच्याकडे बघत राहिली, बस वळणाआड जाईपर्यंत. उजवा पाय दाबूनच होती, रस्त्यावर उभी असताना. मग म्हणाली, राहू दे स्टिअरिंग. पण आमच्या गाडीत गाणी मी लावणार, आणि आवाज किती ते मी ठरवणार."

"बस एवढंच मागितलं?"

"एवढंच. त्या दिवसापासून तो पाय प्रमाण. गाडी थांबायला लागणारं अंतर दहाव्या हिश्श्याने वाढलं की तो पाय जेवढा दाबतो, तो एक भुवड. तीन झाले की पॅड बदलायचे. किलोमीटर बघायचे नाहीत, जाडी बघायची नाही. तुझ्या ट्रकची चटई, पुण्याच्या चालकाविना टॅक्सीची चटई, सगळ्या त्या एका पायावरून जुळवलेल्या. अजूनही वर्षातून एकदा मृदुलाबाईंची माणसं येतात, पाय तपासून जातात. बिघडला नाही ना, कुणी चोरून गाडी शिकवली नाही ना."

"आणि वैनींना कधी वाईट वाटत न्हाई?"

मी कपाच्या तळाशी उरलेला चहा संपवला.

"दुपारी अजून जाऊन बसतो कधीकधी," मी म्हटलं. "बसते. उभ्या गाडीत. कोंबडी बदलली, बाकी तेच."

संपतची नजर किती वेळ माझ्या पायावर होती ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी गोष्टीच्या नादात उजवा पाय हलवत होतो, आणि चपलेचा तळ नेमका त्याच्या तोंडासमोर.

खांबाने टिंग केलं. ऐंशी. रस्त्यापलीकडून शैला मधाच्या दोन बाटल्या घेऊन विजयी मुद्रेने आली, बाकामागून परस्पर गाडीकडे गेली. दार उघडल्याचा आवाज आला, दार लागल्याचा आवाज आला, आणि मग हॉर्न वाजला.

"अहो, चला," ती गाडीतून म्हणाली. "तिथं काय फेकताय ते फेकून झालं असेल तर."

मी मागे वळून पाहिलं नाही. हॉर्न कुठल्या सीटवरून वाजतो, ते मला बघायची गरज नव्हती. संपतने मात्र मान लांब करून स्टिअरिंगमागे कोण बसलंय ते नीट पाहिलं, मग परत माझ्या चपलेकडे पाहिलं, आणि आख्ख्या माथ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"अण्णा, गाडी अनवाणी चालवता म्हणालासा न्हवं? डाव्या चपलेवर कारागिराचा शिक्का अजून ताजा हाय, आन उजवीचा तळ चवड्याखाली पार आरपार गेलाय. पाय वैनींचा न्हवताच. तुमचा हुता. आन आता साखरप्याच्या चांभाराकडं जावा, तीन भुवड कवाच होऊन गेल्यात."